शाळेच्या जुन्या दुर्बिणीतून आकाश पाहायला जाताना : बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या नवख्यांसाठी

जुन्या हायस्कूलच्या किंवा कॉलेजच्या गच्चीवर वेधशाळा असू शकते, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर असतं. कुठे पत्र्याचा फिरता घुमट असतो, कुठे नुसता सिमेंटचा खांब आणि त्यावर बसवायची दुर्बीण खाली प्रयोगशाळेच्या कपाटात. ज्यांनी आजवर दुर्बिणीला डोळा लावलेला नाही आणि आता मुलांना घेऊन किंवा एकटंच जावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शाळेची वेधशाळा इमारतीवर किंवा दुर्बिणीच्या आकारावर चालत नाही. ती चालते एखाद्या शिक्षकाच्या आस्थेवर आणि पाहायला येणाऱ्या माणसांवर. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगामवाला यांनी 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची आरशाची दुर्बीण होती. 1912 मध्ये नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि साहित्य कोडईकनालच्या वेधशाळेला गेलं. एवढ्या मोठ्या वेधशाळेचं जर असं झालं, तर तालुक्याच्या गावातल्या सहा इंची दुर्बिणीची काय कथा? सर निवृत्त होतात, कपाटाला कुलूप लागतं, किल्ली कुणाकडे आहे तेही विसरलं जातं. म्हणून तुम्ही पाहायला जाणं आणि तयारीनं जाणं याला फार महत्त्व आहे.

या मातीशी आकाशाचं नातं जुनं आहे

18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजापूर भागातून गेला होता. त्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपट, म्हणजे प्रकाशातले सुटे केलेले रंग, पाहण्याचं यंत्र घेऊन जमखंडीला येऊन थांबले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात अधिकारी होते. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. भर पावसाळा, आकाशात ढग. तरीही ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. त्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे हे त्या दिवशी जमखंडीत आणि गुंटूरसारख्या इतर ठिकाणी झालेल्या निरीक्षणांमुळे नक्की झालं. त्यातली नारिंगी रेषा पुढे हीलियमची ठरली.

दुसरं नाव व्यंकटेश बापूजी केतकर यांचं. 1854 मध्ये नरगुंदला जन्म, पेशा शिक्षकाचा, बागलकोटच्या शाळेत अध्यापन. पंचांगाचं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलं पाहिजे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं गणित छापलं. त्यात सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे 39 पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे 242 वर्षं असं आलं होतं. 1930 मध्ये प्लूटो सापडला तेव्हा त्याचे आकडे साडेएकोणचाळीस पट आणि 248 वर्षं निघाले. प्लूटो इतका हलका आहे की त्याच्या ओढीवरून असं भाकीत करता येणं शक्य नव्हतं, हे आता कळलेलं आहे. म्हणजे आकडे जुळले तो योगायोगच. पण बागलकोटसारख्या गावात शाळा शिकवता शिकवता एक माणूस नेपच्यूनपलीकडचा विचार करत होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

रात्र कशी निवडायची

नवखे लोक इथेच चुकतात. रविवार आहे, सुट्टी आहे म्हणून जातात आणि नेमकी पौर्णिमा असते. तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा.

तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर तिथी ठरते. चंद्र पाहायचा असेल तर शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस उत्तम, त्यातही अष्टमी सर्वांत चांगली. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे-डोंगर उठून दिसतात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि दुर्बिणीत नुसता डोळे दिपवणारा पांढरा गोळा दिसतो.

तारकागुच्छ (ताऱ्यांचे पुंजके), तेजोमेघ (वायू-धुळीचे उजळ ढग), दीर्घिका (कोट्यवधी ताऱ्यांचे दूरचे समूह) अशा अंधुक गोष्टी पाहायच्या असतील तर चंद्र नको. यासाठी एक सोपा हिशोब आहे. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ तोंडपाठ असते. संकष्टीला चंद्र रात्री साधारण नऊच्या आसपास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. म्हणजे संकष्टीनंतर दोन दिवसांनी रात्री साडेदहापर्यंत आकाश मोकळं मिळतं आणि तिथून अमावस्येनंतरच्या विनायकी चतुर्थीपर्यंत संध्याकाळी चंद्राचा त्रास नसतो. हेच दहा-बारा दिवस अंधाराचे.

मग ऋतू. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात आकाशदर्शन ठरवू नये. एखादी रात्र उघडते, पण त्या भरवशावर लोकांना बोलावता येत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की धूळ बसलेली असते आणि हवा स्वच्छ असते. दिवाळीची अमावस्या मात्र सोडून द्या. फटाक्यांचा धूर दोन-तीन रात्री खाली बसून राहतो. त्यापुढची कार्तिक अमावस्या माझ्या मते वर्षातली सर्वांत चांगली. थंडी सुरू झालेली, आकाश कोरडं, अंधार लवकर पडतो आणि शाळाही सुरू असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलेच, पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाला पेटवतात त्याचा धूर क्षितिजाशी साठतो. अशा गावात डोक्यावरचं आकाश पाहा, क्षितिजाजवळच्या गोष्टींची आशा धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये दहावीच्या परीक्षांमुळे शाळा मोकळ्या नसतात. मे महिन्यात वळीव पडून गेला की त्याच रात्री आकाश असं धुऊन निघतं की अशी रात्र चुकवू नये.

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनही लक्षात ठेवा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये याच तारखेला आपला शोध लावला. त्या आठवड्यात बऱ्याच शाळांत विज्ञान प्रदर्शन असतं, दुर्बीण कपाटाबाहेर निघते आणि बाहेरच्या माणसालाही सहज आत घेतात.

शाळेशी बोलणं

शाळेत दुर्बीण आहे की नाही हे कळायला सर्वांत भरवशाचा माणूस म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक किंवा जुने शिपाईमामा. कार्यालयात विचारलं तर रजिस्टर बघून नाही म्हणतील. शिपाईमामा सांगतील की जिन्याखालच्या खोलीत हिरव्या पेटीत काहीतरी आहे.

त्यानंतर मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज. खाजगी अनुदानित हायस्कूल असेल तर मुख्याध्यापकांची आणि संस्थेची परवानगी पुरते. सरकारी मराठी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, अध्यक्षांनाही भेटा; रात्री शाळेचं आवार उघडायचं म्हणजे त्यांना माहीत असलं पाहिजे. कधी बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसला कळवावं लागतं, तिथे अर्ज कन्नडमध्ये दिलेला बरा. अर्जात तारीख, वेळ, किती माणसं, त्यात लहान मुलं किती, आणि आवार स्वच्छ करून देण्याची जबाबदारी कोणाची, एवढं लिहावं. आकाश ढगाळ असल्यास पर्यायी तारीखही त्याच अर्जात मागून ठेवा. नाहीतर पुन्हा सगळी फेरी.

दहा-पंधरा माणसांपेक्षा जास्त नेऊ नका. एका दुर्बिणीपुढे पन्नास जण उभे केले की प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं आणि अर्ध्या मिनिटात डोळ्याला काही दिसत नाही. गर्दीतली मुलं घरी जाऊन सांगतात की काहीच दिसलं नाही आणि त्यांचं खोटं नसतं.

रस्त्यावरच्या दिव्यांचंही आधीच बघा. शाळेच्या फाटकावरचा मोठा एलईडी दिवा गच्चीवर सरळ येत असेल तर ग्रामपंचायतीतल्या माणसाला सांगून दोन तासांसाठी तो बंद करून घ्यावा. गावात हे सहज होतं. बेळगाव शहरात होत नाही, तिथे गच्चीच्या कठड्याला चादर बांधून आडोसा करावा.

पश्चिमेचं आणि पूर्वेचं आकाश

आपल्या जिल्ह्याला दोन आकाशं आहेत असं म्हटलं तरी चालेल. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, खानापूरचा जंगलपट्टा: दिवे कमी, अंधार दाट, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट. पण घाटावरून येणारे ढग आणि पहाटेचं धुकं कधी पडदा टाकेल सांगता येत नाही, आणि दंव इतकं पडतं की तासाभरात दुर्बिणीची नळी ओली होते. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रायबाग, अथणी: पाऊस कमी, हवा कोरडी, माळरान उघडं, क्षितिज चारही बाजूंनी मोकळं. दक्षिणेचे तारे पाहायचे असतील तर मी सौंदत्तीकडची शाळा निवडेन. आकाशगंगा पाहायची असेल तर खानापूर तालुक्यातली.

खानापूरच्या रानातून रात्री परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवून आकाश पाहत उभं राहू नका. गवे आणि अस्वलं या भागात आहेत. भीमगड अभयारण्याच्या परिसरात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री जायचंच नाही. गावातली शाळा, ओळखीची माणसं, बंद फाटक. हेच ठिकाण योग्य. एसटीनं किंवा वायव्य कर्नाटकच्या बसनं जाणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारा आणि गावात मुक्कामाची सोय करून ठेवा. आकाश रात्री दहानंतर जास्त खुलतं आणि गावाच्या गाड्या तोवर संपलेल्या असतात.

निघताना काय घ्यायचं

स्वेटर आणि कानटोपी डिसेंबरातच नव्हे तर मार्चपर्यंत. गच्चीवर स्थिर उभं राहिलं की थंडी चालताना लागते त्यापेक्षा दुप्पट लागते. अंथरायला घोंगडं किंवा जुनी सतरंजी, थर्मासमध्ये चहा, डास चावू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, आवारात गवत असेल तर बूट. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन पदर करून रबरानं बांधा. घरात द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर ती जरूर आणा. कृत्तिका आणि आकाशगंगा पाहायला ती शाळेच्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरते, कारण तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा एकदम मावतो.

अत्तर, पावडर, फ्लॅशचा कॅमेरा घरी ठेवा.

डोळे तयार करणं

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरं काम पुढे होतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधुक प्रकाश ओळखणाऱ्या पेशींमध्ये एक रंगद्रव्य असतं. उजेडात ते विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा साठतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. या काळात कुणी एकानं मोबाईल उघडला की सगळ्यांची कमाई जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लाल प्रकाशाचा या रंगद्रव्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून तो लाल कागद. मोबाईलवरचं नकाशाचं ॲप वापरायचंच असेल तर त्याची रात्रीची लाल रंगाची सोय चालू करून, प्रकाश सगळ्यांत कमी करून एकाच माणसानं वापरावं.

म्हणून दुर्बिणीपाशी जाण्याआधी अर्धा तास सगळ्यांनी सतरंजीवर उताणं पडून आकाश पाहावं. हा वेळ वाया जात नाही. याच वेळात दिशा ओळखा. उत्तरेला ध्रुव शोधा. बेळगाव साधारण 16 अंश अक्षांशावर असल्यानं ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. म्हणजे ध्रुव दीड मूठ उंचीवर. खानापुरात झाडाआड जातो, अथणीच्या माळावर सहज सापडतो. तो मिळाला की बाकी आकाश त्याच्याभोवती फिरतं हे तासाभरात स्वतःच दिसतं.

सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार व्हायला सव्वा तास लागतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळलं तर सव्वासातला सुरुवात करता येते, मे महिन्यात सव्वाआठशिवाय नाही.

दुर्बिणीपाशी

घुमट असेल तर तो अंधार पडण्याआधी तासभर उघडून ठेवायला सांगा. दिवसभर तापलेल्या खोलीतली गरम हवा झरोक्यातून वर जात राहिली की तारे थरथरतात आणि गुरूचे पट्टे पुसट होतात. आत एका वेळी चार-पाच जणच असावेत, माणसांच्या अंगाची उष्णतासुद्धा हवा हलवते. उघड्या गच्चीवरची दुर्बीणही तासभर आधी बाहेर काढून निवू द्यावी.

आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावताना हात पाठीमागे बांधायचे. लहान मुलांना स्टूल द्या. आयपीस धरून डोळा टेकवायची सवय सगळ्यांना असते, आणि बोटाचा जरासा धक्का लागला की ग्रह नजरेआड होतो. दुसरा डोळा जोर लावून मिटू नका, त्यामुळे पाहणाऱ्या डोळ्यावरही ताण येतो. तळहातानं नुसता झाका. चष्मा नुसत्या जवळच्या-लांबच्या नंबराचा असेल तर काढा आणि फोकसचं चाक फिरवून घ्या. तिरक्या नंबराचा असेल तर ठेवा. प्रत्येकाचा फोकस वेगळा असतो, तेव्हा संचालकांना, म्हणजे दुर्बीण चालवणाऱ्यांना, विचारून चाक थोडं पुढे-मागे करायला लाजू नका. आधीच्या माणसाच्या फोकसवर पाहून बहुतेक लोक अंधुक डाग पाहून परत जातात.

श्वास आयपीसवर सोडू नका. थंडीत काच लगेच धुरकट होते.

घाईनं पाहू नका. निदान एक मिनिट डोळा तसाच ठेवा. हवा क्षणभर शांत होते, तेव्हा अचानक शनीच्या कड्यातली फट किंवा गुरूवरचा पट्टा स्पष्ट होतो आणि पुन्हा विरतो. त्या क्षणाची वाट पाहणं म्हणजेच पाहणं. अंधुक तेजोमेघ पाहताना नजर त्याच्यावर सरळ न रोखता किंचित बाजूला ठेवा. अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला दाट असतात. त्यामुळे तिरक्या नजरेनं जे दिसतं ते सरळ पाहिल्यावर नाहीसं होतं. मुलांना हे करून पाहायला फार आवडतं.

दिसेल ते उलटं असेल, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका; आकाशात वर-खाली नसतं. आणि मोटर नसलेल्या दुर्बिणीत वस्तू सरकत जाईल. हा पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आहे, दुर्बिणीतून तो डोळ्यांना दिसतो. संचालक दर दीड-दोन मिनिटांनी दुर्बीण पुन्हा लावतात, तेव्हा त्यांना थांबवून प्रश्न विचारू नका. लावून झाल्यावर विचारा.

हमखास प्रश्न येतो, ही किती पट मोठं दाखवते? हिशोब सोपा आहे. दुर्बिणीची नाभीय लांबी (आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमा जिथे स्पष्ट होते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची नाभीय लांबी. सहा इंची, 1200 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 25 मिलिमीटरचा आयपीस लावला तर 48 पट, 10 चा लावला तर 120 पट. पण पट वाढवत गेलं की चित्र मोठं आणि मंद होत जातं. खरा प्रश्न आरसा किंवा भिंग किती रुंद आहे हा. प्रकाश तेवढाच गोळा होतो. म्हणून संचालकांनी कमी पटीचा आयपीस लावला तर कुरकुर करू नका. चंद्र अख्खा आणि कृत्तिका सगळ्या त्याच्यातच दिसतात.

काय पाहायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सर्वांत उदार काळ. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर येतं. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली अंधुक ठिपका दिसतो तो मृगातला तेजोमेघ, सुमारे 1300 प्रकाशवर्षांवरचा. सहा इंची दुर्बिणीत तो पंख पसरल्यासारखा दिसतो आणि त्याच्या मध्यभागी चार नवजात ताऱ्यांचा छोटा चौकोन. फोटोतले गुलाबी-निळे रंग दिसणार नाहीत, राखाडीच दिसेल. हे मुलांना आधी सांगितलं की त्यांचा हिरमोड होत नाही. रोहिणी, कृत्तिका, आर्द्रा आणि व्याध त्याच भागात आहेत. आर्द्रा तांबूस आणि मृगातलाच राजन्य हा तारा निळसर आहे हे आधी डोळ्यांनी पाहा, मग दुर्बिणीतून. ताऱ्यांना रंग असतात हे पहिल्यांदा तिथे पटतं.

दक्षिणेला अगस्त्य. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊला तो क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. उत्तर भारतात तो जेमतेम डोकावतो, आपल्याकडे ऐटीत उभा असतो.

मार्च ते मे उत्तरेला सप्तर्षी. लग्नात वधूवरांना दाखवतात ती वसिष्ठ-अरुंधतीची जोडी नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते का, हे मुलांना विचारा. मग दुर्बीण लावा. वसिष्ठ हा एकच तारा स्वतः दोन ताऱ्यांचा निघतो. लग्नात पाहिलेली अरुंधती दुर्बिणीतून बघताना आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी त्यांनाही गच्चीवर न्या, जिना चढता येत असेल तर.

मे महिन्याच्या मध्याला साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू उभा असतो, जेमतेम एक-दीड मूठ उंचीवर. त्याच्या डावीकडे आल्फा सेंटॉरी, सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या थोडा पलीकडे. शाळेच्या दुर्बिणीत तो जोडतारा दिसतो. आणि त्यांच्या वर, दीड-एक मूठ उंच, ओमेगा सेंटॉरी. हा गोलाकार तारकागुच्छ सुमारे 17 हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. युरोपातल्या बहुतेक जुन्या वेधशाळांना तो क्षितिजाखालीच राहतो. सौंदत्ती-रामदुर्गच्या माळावरून तो पाहायला मिळणं हे आपल्या अक्षांशाचं देणं आहे, आणि मे महिन्यात दुर्बीण बाहेर काढणाऱ्या शाळेनं दुसरं काही नाही दाखवलं तरी हे दाखवावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात शर्मिष्ठा आणि देवयानी. देवयानीतली दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर. खानापूरकडे अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनीही धुरकट ठिपक्यासारखी दिसते.

ग्रहांचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं, त्यासाठी पंचांग किंवा स्टेलेरियमसारखं ॲप पाहा. गुरू असेल तर त्याचे चार उपग्रह एका ओळीत दिसतात. तासाभरानं पुन्हा पाहिलं तर त्यांची जागा किंचित बदललेली असते, तेव्हा सुरुवातीला कागदावर टिंबं काढून ठेवा. शनीची कडी 2025 मध्ये आपल्याला कडेनं दिसत होती, नुसती रेघ. आता दरवर्षी ती थोडी थोडी उघडत जाणार आहेत, तेव्हा गेल्या खेपेला ज्यांची निराशा झाली त्यांनी पुन्हा जावं.

सूर्याबद्दल

दिवसा शाळेच्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या बाजूला, खास सौर फिल्टर लावलेला असलाच पाहिजे. आयपीसला लावायचे जुने काळे काचेचे फिल्टर उष्णतेनं तडकतात आणि क्षणात डोळा जातो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यातलं काही चालत नाही. मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण हवं, मुलं तिच्यातूनच आधी डोकावतात. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याकडून हुबळी, रायचूरवरून गेला आणि आपल्याकडे सूर्य जवळजवळ झाकला गेला, तेव्हा भीतीनं कितीतरी घरांची दारं बंद होती. योग्य फिल्टर आणि माहितगार शिक्षक असतील तर भिण्याचं कारण नाही. दोन्ही नसतील तर सूर्याच्या वाटेला जाऊ नये. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून भिंतीवर सूर्याची प्रतिमा घ्यावी, ती पूर्ण सुरक्षित आहे.

दुर्बीण आहे, पण बंद आहे

असं निघण्याची शक्यता बरीच, म्हणून हेही लिहितो. पेटी उघडल्यावर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात बंद कपाटात ती हमखास धरते. रुमालानं पुसायची घाई करू नका. आरशाच्या दुर्बिणीत चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, कमालीचा पातळ. एकदा घासला की कायमचे ओरखडे. आधी दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्यानं धूळ उडवा. थोडी धूळ राहिली तरी चित्रात फारसा फरक पडत नाही, ती तशीच राहू द्या. बुरशी जास्त असेल किंवा थर काळवंडला असेल तर तो जाणकाराकडून पुन्हा चढवून घेता येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. अशा संस्थेतली माणसं योग्य ठिकाण सांगतात. पुण्याला सहल नेणार असाल तर टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं 1954 चं कुसुमबाई मोतीचंद तारांगणही आधी विचारून कार्यक्रमात घ्या, शाळेच्या आवारात तारांगण कसं उभं राहिलं ते मुलांना पाहू द्या.

थर चढवायला आरसा काढण्याआधी त्याच्या कडेला आणि नळीला पेन्सिलनं समोरासमोर खूण करा, स्क्रूंचे फोटो काढून ठेवा, आणि आरसा कडेनंच धरा. परत बसवल्यावर एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर फोकस थोडा सोडून पाहा: प्रकाशाची गोल चकती आणि तिच्या बरोबर मध्यभागी काळी सावली दिसली तर आरसा सरळ बसला. सावली एका बाजूला सरकली असेल तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून ती मध्यावर आणायची. याला दोन माणसं लागतात, एक आयपीसपाशी, एक स्क्रूपाशी.

मग पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्याआधी त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा ठेवा, आणि पेटी जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: दुर्बिणीची नाभीय लांबी, आयपीस किती आणि कोणते, शेवटी कधी वापरली, किल्ली कोणाकडे.